पाचशे वर्षांची सोसायटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसंच जवळजवळ ठेवलं आहे.)



सेक्रेटरी काकांनी मला सांगितलं, "तू जर्मनीत शिकतेस, तर तिकडच्या अनुभवांवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, काका, वीस मिनिटं या स्टेजवर मी एकदाच उभी राहिले आहे. तेव्हा मी दुसरीत होते, झाडाचा वेश केला होता आणि मला एकही वाक्य नव्हतं. त्यामुळे आज काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि आपली सोसायटी बरोबरीच्या. आई-बाबांना ताबा मिळाला तेव्हा मी सहा महिन्यांची होते. वास्तुशांतीच्या फोटोत मी समोरच्या काकूंच्या कडेवर आहे, कारण आई पूजेला बसली होती. तेव्हा काकूंची आणि आमची ओळख फक्त चार दिवसांची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या काकू पुन्हा येणार आहेत.

आता विषयाकडे वळते. मी म्युनिकला एम.एस्सी. करते. आता फक्त प्रबंध उरला आहे. आज मी तुम्हाला म्युनिकबद्दल सांगणार नाही. मी तुम्हाला एका दिवसाची सहल सांगणार आहे, गेल्या वर्षीच्या जूनमधली, एका शनिवारची. गाव ऑग्सबर्ग.

म्युनिकपासून ऑग्सबर्ग साधारण साठ किलोमीटर. म्हणजे आपण डोंबिवलीहून सीएसटीला जातो त्याहून थोडं लांब. साध्या गाडीने पाऊण तास लागतो. बव्हेरिया राज्यात एक तिकीट मिळतं, त्यावर एक दिवस साध्या गाड्यांतून हवं तितकं फिरता येतं आणि एका तिकिटावर पाचजण जाऊ शकतात. माणसं वाढली की दरडोई खर्च कमी होतो. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांची सहल ठरते ती गाव बघून नाही, पाचवा माणूस मिळाला की ठरते. आम्ही पाचजण होतो. मी, साताऱ्याचा एक मुलगा, तामिळनाडूच्या दोघी आणि एक व्हिएतनामची मुलगी. डब्यात मी केलेली फोडणीची पोळी होती. ती व्हिएतनामच्या मुलीला सर्वांत जास्त आवडली.

पण मी त्या सकाळी गप्प होते. त्याचं कारण सांगायला हवं.

आदल्या रात्री माझं आईशी फोनवर भांडण झालं होतं. बाबा गेल्यावर वर्षभरातच मी जर्मनीला गेले. आई घरी एकटी. माझ्या डोक्यात एकच होतं, की तिने ही जागा विकावी आणि एखाद्या मोठ्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये जावं. तिथे कॅमेरे असतात, गेटवर नोंद होते, प्रत्येक मजल्यावर सिक्युरिटीचं बटण असतं. आई म्हणाली, "मला बटण नको. समोर बाई आहेत." मी चिडले. मी म्हटलं, "समोरच्या बाई, समोरच्या बाई! त्यांच्याकडे आपल्या घराची किल्ली आहे, आपल्याकडे कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना माहीत. याला सिक्युरिटी नाही म्हणत आई, याला चौकशा म्हणतात." आईने "बरं, झोप आता" एवढंच म्हणून फोन ठेवला.

काकू, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात, आणि हे वाक्य मी तुमच्यासमोर पहिल्यांदाच बोलते आहे. रागावू नका. पुढचं ऐका.

सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे इथले साडेबारा, मी गाडीतून आईला फोन केला. उचलला नाही. मला वाटलं, रुसली असेल. आणि खरं सांगायचं तर मीही रुसले होते. मी परत फोन केला नाही.

ऑग्सबर्ग फार जुनं गाव. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात इथे लष्करी छावणी पडली, गावाचं नावही त्याच्यावरूनच आलं. १९८५ साली त्यांनी गावाचा दोन हजार वर्षांचा महोत्सव केला. आपण पंचवीस वर्षांचा करतोय तर एवढी धावपळ चालली आहे, त्यांच्या कमिटीचं काय झालं असेल!

स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटांत मुख्य चौक येतो. तिथे नगरपालिकेची इमारत आहे, एलियास होल नावाच्या स्थापत्यकाराने १६१५ ते १६२० या काळात बांधलेली. आत सोनेरी दालन म्हणून एक मोठं दालन आहे. छताकडे बघून मान दुखते, इतकं सोनं. पण ते सगळं दुसऱ्या महायुद्धात जळून गेलं होतं. आपण बघतो ते नंतर पुन्हा उभं केलेलं. हे त्या गावात सारखं ऐकायला मिळतं, "हे पुन्हा बांधलेलं आहे". १९४४ च्या फेब्रुवारीत, २५ आणि २६ तारखेला, ऑग्सबर्गवर फार मोठा बाँबहल्ला झाला. जुनं गाव एका रात्रीत गेलं.

याच गावात रुडॉल्फ डिझेलने १८९३ ते १८९७ या चार वर्षांत त्याचं इंजिन तयार केलं. आपल्या एसटीच्या पोटात जे धडधडतं, ट्रकच्या पाठी ज्याचा धूर येतो, त्याचं माहेर हे. साताऱ्याचा मुलगा हे ऐकून एकदम हळवा झाला. म्हणाला, "माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना फोटो पाठवतो."

आणि आपल्याशी आणखी एक जुना धागा. ऑग्सबर्गला फुगर आणि वेल्झर ही दोन बडी सावकार घराणी होती. १५०५ साली आल्मेडा हा पोर्तुगीज व्हाइसरॉय जहाजांचा ताफा घेऊन हिंदुस्थानाकडे निघाला. त्या मोहिमेत या दोन्ही घराण्यांचा पैसा गुंतलेला होता. कशासाठी? मिरीसाठी. पुढे १५८७ मध्ये फर्डिनांड क्रोन नावाचा ऑग्सबर्गचा माणूस त्यांचा मुनीम म्हणून गोव्याला आला. म्हणजे आपण आज जर्मनीला जातो, त्याच्या चारशे वर्षं आधी ऑग्सबर्गकर आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिले होते, तेही आपल्या मसाल्याच्या डब्यामागे.

या फुगर घराण्यातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे याकोब फुगर. लोक त्याला "श्रीमंत याकोब" असंच म्हणायचे. जन्म १४५९, मृत्यू १५२५. कापड, चांदी, तांबं आणि व्याज. राजे त्याच्याकडून कर्ज घ्यायचे. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून आला, तो या माणसाच्या पैशाच्या जोरावर. हा काही संत नव्हता. पण त्याने एक गोष्ट केली, आणि तीच बघायला आम्ही गेलो होतो. तिचं नाव फुगराय.

फुगराय म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगायचं तर सोसायटी. चहूबाजूंनी भिंत, भिंतीला फाटकं, आत सरळ गल्ल्या, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना पिवळसर रंगाची एकसारखी दुमजली घरं. १५१६ मध्ये बांधायला सुरुवात झाली, १५२१ मध्ये दस्तऐवज झाला. गावातल्या कष्टकरी पण अडचणीत आलेल्या माणसांसाठी घरं. आज तिथे ६७ इमारती आहेत, साधारण १४० घरं आहेत आणि दीडशेच्या आसपास माणसं राहतात. हो, राहतात! ते नुसतं म्युझियम नाही. खिडकीत कुंड्या आहेत, दोरीवर टॉवेल आहेत. गरजूंसाठी बांधलेली आणि अजून वापरात असलेली जगातली सर्वांत जुनी वसाहत म्हणून ती ओळखली जाते.

आता भाडं ऐका. खजिनदार काका, तुम्ही जरा कान बंद करा. तिथलं भाडं आहे ८८ सेंट. म्हणजे शंभर रुपयांच्या आत. आणि हे महिन्याला नाही, वर्षाला! सुरुवातीला वर्षाला एक ऱ्हाइनी गुल्डन होतं, त्याची नाममात्र किंमत आजच्या पैशात लावून तेवढंच ठेवलं आहे. पाचशे वर्षांत भाडेवाढ नाही. वीज, हीटिंग वगैरेचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागतात. तेव्हा काका, मेंटेनन्स तिथेही चुकत नाही.

हे चालतं कसं? फुगरने त्यासाठी ट्रस्ट करून ठेवला. त्या ट्रस्टकडे जंगलं आहेत, मुख्य उत्पन्न त्यांचं. त्यात आमच्यासारख्या प्रवाशांच्या तिकिटांची भर. आणि भाड्याबरोबर एक अट आहे. राहणाऱ्याने रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, फुगर आणि त्याच्या कुटुंबाच्या आत्म्यासाठी. पक्का व्यापारी! घर दिलं, आणि व्याज पुढच्या जन्मी वसूल करायची सोय करून ठेवली.

आणखीही अटी आहेत. माणूस गरजू हवा, ऑग्सबर्गचा रहिवासी हवा आणि कॅथलिक हवा. मी तिथे उभी राहून बोटांवर मोजलं. तीनपैकी मी फक्त पहिल्या अटीत बसत होते. म्युनिकमध्ये मला खोली मिळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत "क्षमस्व" म्हणून आलेले ईमेल मी मोजायचं सोडून दिलं होतं. त्यामुळे दारावर अटींची पाटी लावली की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं, ते मला आता पाठ आहे. आपल्याकडेही एक पाटी होती, "बॅचलर्सना जागा भाड्याने दिली जाणार नाही". तिच्याबद्दल थोड्या वेळाने बोलते.

फुगरायचं फाटक रात्री दहाला बंद होतं. आजही. दहानंतर कुणी आलं तर रात्रीचा पहारेकरी उठून दार उघडतो आणि येणाऱ्याने त्याला ५० सेंट द्यायचे. बारानंतर आलात तर एक युरो. आपल्या वॉचमन काकांना ही पद्धत कळली तर बी विंगमधली काही तरुण मंडळी कर्जबाजारी होतील.

हसू नका, कारण मला त्यातलं एक आवडलं. फाटक बंद होतं ते कुणाला बाहेर ठेवायला नाही. उशीर झाला तरी कुणीतरी उघडायला जागं असतं.

मग आमच्या गाइडने आम्हाला दारांवरच्या घंटा दाखवल्या. प्रत्येक दाराशी एक लोखंडी ओढणी असते, ती ओढली की आत घंटा वाजते. या ओढणीची मूठ प्रत्येक दाराला वेगळी. एका दारावर तीन पानांची, दुसऱ्यावर चीडाच्या फळासारखी, तिसऱ्यावर आणखी काही. घरं सगळी सारखी, मूठ मात्र वेगळी. का? कारण तेव्हा रस्त्यावर दिवे नव्हते. अंधारात हाताने चाचपून माणसाला आपलं दार ओळखता यावं म्हणून.

मी एका दाराजवळ वाकून त्या मुठीचा फोटो काढत होते, आणि फोन वाजला.

समोरच्या काकू. काकू मला कधीच फोन करत नाहीत, त्या आईच्या फोनवरून बोलतात. मी उचलला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आधी ऐक, आई ठीक आहे."

काकूंच्या जागी दुसरं कुणी असतं तर "अगं, तुझी आई पडली" इथून सुरुवात झाली असती. जवळजवळ चार हजार मैलांवरच्या माणसाला बातमी कशी द्यायची, हे काकू कुठे शिकल्या मला माहीत नाही.

झालं होतं असं. आई सकाळी सहाला बाथरूममध्ये पाय घसरून पडली. घोट्याचं हाड मोडलं. उठता येईना. फोन बेडरूममध्ये. हाक मारली, पण आतली हाक बाहेर जात नाही. आमच्या कामाच्या मावशी अकराला येतात. म्हणजे ती अकरापर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली असती.

पण सव्वासातला काकू कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या आणि त्यांनी समोर बघितलं. आमच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती.

दूधवाला साडेपाचला पिशवी लावून जातो. आई सहाला ती आत घेते. पंचवीस वर्षांत यात बदल झालेला नाही. काकूंनी बेल वाजवली. एकदा, दोनदा. मग घरात जाऊन आमची किल्ली आणली. तीच किल्ली, जिच्यावरून मी आदल्या रात्री भांडले होते.

आणि अजून एक. किल्ली असून उपयोग काय, आतून कडी लावलेली असेल तर? बाबा गेल्यानंतर काकूंनी आईला सांगून ठेवलं होतं, "रात्री नुसतं लॅच लावायचं, कडी नाही लावायची. आणि बाथरूमचीही कडी लावू नकोस, एकटीच तर असतेस." मी म्हणत होते कॅमेरा लाव, बटण लाव. माझं कुठलंही बटण बाथरूमच्या फरशीवरून दाबता आलं नसतं.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, कारण तुम्हीच ते केलंत. त्या दिवशी लिफ्ट सर्व्हिसिंगसाठी बंद होती. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. कुणी आणलं? तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या त्या चार मुलांनी. तीच मुलं, जी पाटीचा नियम मोडून राहतात म्हणून आपल्या दोन वार्षिक सभा गाजल्या होत्या. चौघांनी खुर्चीचे चार पाय धरले, आणि पाचवे, ए विंगमधले आजोबा, हातात काठी घेऊन पुढे चालत होते, "सावकाश, सावकाश" म्हणत. आजोबा, आई सांगते की त्या दिवशी तुमचा आवाज शिवाजी पार्कच्या सभेसारखा होता.

एक्स-रे होऊन प्लास्टर घालेपर्यंत मला फोन करायचा नाही, असं आईनेच सांगितलं होतं. "तिची सहल आहे, तिला उगाच..." म्हणून साडेबाराला माझा फोन आला तेव्हा तो उचलला गेला नाही. फोन घरी होता आणि आई हॉस्पिटलात होती. आणि मी गाडीत बसून, ती रुसली म्हणून, रुसले होते.

मी फुगरायच्या कारंज्याजवळच्या बाकावर बसले. रडत होते म्हणा ना. बरोबरचे चौघे जरा लांब उभे राहिले, काय करावं त्यांना कळेना. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या असतील. प्रवासी रोज त्यांच्या खिडकीत डोकावत असणार, त्यांना आमचा कंटाळाच असायला हवा. पण त्यांनी पाण्याचा पेला आणला आणि काही न बोलता शेजारी बसल्या. माझं जर्मन तेव्हा भाजी आणण्यापुरतंच होतं. तरी मी त्यांना सांगितलं: आई, एकटी, पडली, दूध दारावर, शेजारीण. एवढेच शब्द. त्यांना सगळं कळलं.

त्यांनी समोरच्या घराच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिकडे खिडक्यांना बाहेरून झडपा असतात, रात्री लावतात आणि सकाळी उघडतात. त्या म्हणाल्या, "मी सकाळी झडप उघडली की ती बघते. तिने उघडली की मी बघते." आणि हात झटकून म्हणाल्या, झालं, एवढंच.

मी इतका वेळ त्या वसाहतीचं गुपित भिंतीत शोधत होते, ट्रस्टमध्ये, जंगलांच्या उत्पन्नात, ८८ सेंटमध्ये. ते सगळं आहेच. पैशाशिवाय छप्पर टिकत नाही, हे खजिनदार काका सांगतात ते खरं आहे. १९४४ च्या त्या रात्री फुगरायचाही बराचसा भाग उद्ध्वस्त झाला. माणसं वाचली ती आवारातल्या तळघरात, तो बंकर आजही दाखवतात. आणि गाव अजून धुमसत असताना, आठवड्याभरात, ट्रस्टने ठरवलं की हे पुन्हा जसंच्या तसं बांधायचं. तसं बांधलंही. त्यामुळे आज दिसतात त्यातल्या कितीतरी भिंती ऐंशी वर्षांच्याही नाहीत. मग पाचशे वर्षांचं काय आहे तिथे? मला वाटतं, ते समोरच्या खिडकीकडे बघणं पाचशे वर्षांचं आहे.

त्या दिवशी मी उरलेलं ऑग्सबर्ग बघितलं नाही. मोझार्टचे पणजोबा फ्रान्झ मोझार्ट, हे गवंडी होते, ते सतराव्या शतकात याच फुगरायमध्ये राहायचे, त्या घरावर पाटी आहे. एवढं येता येता बघितलं. मोझार्टच्या पणजोबांनाही कधीतरी घराची अडचण होती, हे वाचून बरं वाटलं. मग स्टेशनवर येऊन बसलो. आईशी बोलणं झालं ते तिथे, फलाट क्रमांक चारवर. ती म्हणाली, "सहल कशी झाली?" मी म्हटलं, "आई, कडी लावू नकोस हं." ती म्हणाली, "ते बाईंनी सांगितलंय मला."

नंतर दीड महिना तुम्ही सगळ्यांनी मिळून आईला सांभाळलं. डब्याचं वेळापत्रक बी विंगच्या काकूंनी फ्रिजवर चिकटवलं होतं. ते मी ऑगस्टमध्ये आले तेव्हाही तिथेच होतं. सोमवार पिठलं-भात, मंगळवार मुगाची खिचडी. तो कागद मी म्युनिकला घेऊन गेले. माझ्या खोलीत भिंतीवर आहे. तिकडचे मित्र विचारतात, हा कुठला नकाशा?

आता माझी वीस मिनिटं संपत आली. शेवटी दोन गोष्टी मागते. रौप्यमहोत्सव आहे, मागायचा हक्क आहे असं समजते.

पहिली. नोटीस बोर्डवर वाचलं, की पुढच्या महिन्यापासून दूधवाला, पेपरवाला, डिलिव्हरीवाले कुणालाच वर सोडायचं नाही. सामान गेटवरच्या कपाटात ठेवायचं, ज्याचं त्याने खाली येऊन न्यायचं. कमिटीचं कारण मला समजतं. सुरक्षा हवी, आणि कोण वर येतं याला काही हिशेब हवा. मी त्याच्या विरोधात बोलत नाही. पण दुधाची पिशवी खाली कपाटात गेली की ती दारावर दिसणार नाही. आणि ती दिसली नाही तर सव्वासातला कुणाला काही कळणार नाही. म्हणून एवढंच म्हणते, की पिशवी काढायची असेल तर तिच्या जागी दुसरी खूण आधी ठरवा. प्रत्येक मजल्यावर एकटं कोण राहतं त्याची यादी करा. ज्यांची इच्छा असेल त्यांची किल्ली समोरच्या घरी ठेवा. आणि सकाळी आठपर्यंत एकटं राहणाऱ्या माणसाचं दार एकदा उघडलं का, ते बघायला मजल्यावर एकजण ठरवा. यासाठी निधी लागत नाही, ठराव केला तरी पुरे. आज आपल्या तिन्ही विंगांत बरीचशी घरं अशी आहेत, जिथली मुलं माझ्यासारखी लांब आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांत ती वाढणार आहेत.

दुसरी. ती बॅचलर्सची पाटी. मला कळलं की ती खुर्चीच्या प्रकारानंतर कुणीतरी काढून ठेवली, पण नियम अजून वहीत आहे. पाटी काढलीत तशी वहीतूनही काढा. चार मुलं आपल्या तळमजल्यावर राहतात, त्यांच्या आया कुठेतरी लांब एकट्या आहेत. त्यांच्या दारावर पिशवी लटकलेली दिसली तर आपल्यापैकी कुणीतरी बेल वाजवेल, एवढं त्या आयांना कळू द्या.

काकू, ते चौकशांचं वाक्य मी परत घेते. माझ्या म्युनिकच्या खोलीची दुसरी किल्ली मी समोरच्या खोलीतल्या व्हिएतनामच्या मुलीकडे दिली आहे. तिला फोडणीची पोळी करायला शिकवली, त्या बदल्यात.

पुढच्या वर्षी माझं शिक्षण संपेल. तिकडे राहीन की इकडे येईन, हे अजून ठरलेलं नाही, आणि आईला ते विचारू नका, ती माझ्या वतीने काहीही उत्तर देते. पण दिवाळीत फडके रोडवर जायला येईनच. रात्री उशिरा आले तर गेट उघडायला वॉचमन काका जागे असतीलच. पन्नास सेंट तयार ठेवते.

गणपती बाप्पा मोरया!